आक्का शिफ्ट झाली

शिफ्ट हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा माझ्या मालकांनी आणला. ते साखर कारखान्यात कामाला होते. तिथं कामाच्या पाळ्या असायच्या, पण पाळी हा शब्द बायकांसमोर मोठ्यानं म्हणायची त्यांना लाज वाटायची. म्हणून ते म्हणायचे, आज सेकंड शिफ्ट आहे, डबा दुपारी द्या. एकदा ते जेवायला बसले असताना आक्का वाढता वाढता म्हणाली, “भाऊजी, आमच्या शिफ्टला चार दिवस सुट्टी असती. तुमच्या न्हाय व्हय?” मालक हातातला घास ताटात ठेवून बाहेर निघून गेले. मी चुलीपुढं पदर तोंडात कोंबून बसले होते. त्यानंतर कितीतरी दिवस तो शब्द निघाला की आम्हा दोघींना हसू यायचं.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन निपाणीला आले तेव्हा ती या घरात जुनी झाली होती आणि तिच्या कडेवर मुलगा होता. मला मूल झालं नाही. पुढं थोरले दीर गेले, मग माझे मालक गेले, आणि त्या दोन खोल्यांत आम्ही दोघी आणि तिचा मुलगा राहिलो. पोटाला बिड्या होत्या. सकाळी दारात पोतं अंथरायचं, मांडीवर सूप घ्यायचं आणि बसायचं. बाकीच्या बायका आपापली बिडी सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकटीच करायच्या. आमचं तसं नव्हतं. आक्का पान कापायची, तंबाखू भरून वळायची आणि वळलेली बिडी माझ्या सुपात टाकायची. मी दोरा गुंडाळायची आणि बिडीचं तोंड मुडपायची. कुणी ठरवून दिलं नव्हतं. आल्यावर मला वळायला जमेना, म्हणून तिनं माझ्या हातात दोऱ्याचं रीळ दिलं होतं, ते कायमचं राहिलं.

मी बोलत नसे. आताही फार बोलत नाही. चार इयत्ता शिकले, वाचता येतं, लिहिता येतं, पण चार माणसांसमोर उभं राहिलं की माझा घसा सुकतो. बिडीच्या कारखान्यात तयार बिड्या द्यायला गेलं की चेकर खराब बिड्या काढून बाजूला टाकायचा. तिथं भांडायला लागायचं, नाहीतर तो चांगल्याही टाकायचा. भांडायची ती आक्का. मी तिच्या पाठीमागं टोपलं धरून उभी. चेकर म्हणायचा, “ही धाकटी मुकी हाय काय?”

“मुकी कशानं असंल?” आक्का म्हणायची. “बिड्यांची तोंडं मिटता मिटता तिचं बी मिटलं. तिचं बोलणं माझ्याकडं ठेवायला दिलंय. तुला काय ऐकायचं हाय ते मला विचार.”

सगळ्या बायका हसायच्या. मी पण हसायची. माझं बोलणं तिच्याकडं ठेवलेलं आहे याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटायचं. बाजारात, दवाखान्यात, लग्नाकार्यात मला बोलायची वेळच आली नाही.

शिफ्ट हा शब्द पुन्हा भेटला तो सरकारी खिडक्यांवर. रेशनकार्डाचं काही काम होतं, तर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, “ते चिकोडीला शिफ्ट झालंय.” बँक रस्त्यापलीकडं शिफ्ट झाली. आमच्या बोळातला विजेचा खांब शिफ्ट केला आणि आमच्या दारातला उजेड गेला. मला तेव्हा वाटायचं, हा सांगणाऱ्याचा शब्द आहे. ज्याला चालावं लागतं त्याचा नाही. आमच्याकडं बिऱ्हाड हलतं, पोरगी नांदायला जाते, म्हातारी लेकीकडं राहायला जाते, पोटासाठी कुणी मुलूख सोडतो. असं म्हटलं की कोण, का, कुणाला टाकून, हे सगळं त्यातच येतं. शिफ्टमध्ये तसं काही येत नाही. वस्तू इथं होती, आता तिथं आहे.

आक्काचा मुलगा शिकला. आमच्या दोघींच्या बिड्यांवर शिकला असं लोक म्हणतात, पण तो स्वतः अभ्यास करायचा तेही मी बघितलंय. बेळगावला नोकरी लागली, लग्न झालं, चौथ्या मजल्यावर घर घेतलं. चांगला आहे तो. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला तो वाईट वाटायला नको.

आक्काला खोकला लागला होता. खोकताना ती भिंत धरायची. मुलगा तिला बेळगावच्या डॉक्टरकडं घेऊन गेला, परत आला आणि उंबऱ्यातच चप्पल काढता काढता म्हणाला, “काकी, डॉक्टरांनी तंबाखूची धूळ अजिबात चालणार न्हाय म्हणून सांगितलंय. आईला शिफ्ट करूया.”

आक्का पान कापत होती. कात्री थांबली नाही.

“मला?” ती म्हणाली. “मी काय खांब हाय?”

“आई, तसं न्हाय गं. तिथं हवा चांगली हाय, दवाखाना जवळ हाय, लिफ्ट हाय.”

“आणि ही?”

तो माझ्याकडं वळला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, ते डोळ्यांत दिसत होतं. “काकी, आत्ता दोनच खोल्या हायत. पुढं मोठं घर बघतोय. घेतलं की तुम्हाला पण शिफ्ट करतो.”

मी मान हलवली. म्हणजे व्हय. दुसरं काय म्हणणार.

नेण्याच्या दिवशी मी तिच्या लुगड्यांचं गाठोडं बांधलं. तिनं सूप घेतलं, झटकलं आणि गाठोड्यावर ठेवलं. मुलगा म्हणाला, “आई, तिथं सूप काय करायचं?” तिनं ते उचललं आणि माझ्या सुपाशेजारी भिंतीला उभं केलं. गाडीत बसल्यावर काच खाली करून मला म्हणाली, “धाकटे, चेकरला भिऊ नको. त्यानं बघितलं की डोळे वटार. न्हायच जमलं तर खोकायला लाग. मी तसंच करत होते.” गाडी निघाली. बोळ एवढा आखूड की ती कोपऱ्यावर वळायला वेळ लागला नाही.

मग मी एकटी बिडी करायला शिकले. वळणं मला नीट येत नव्हतं. तंबाखू कधी जास्त, कधी कमी. चेकर खराब म्हणून काढायला लागला, मी डोळे वटारले नाहीत, खोकलेही नाही. एक दिवस तो म्हणाला, “दुसरी कुठाय? बरेच दिवस दिसली न्हाय.”

मी म्हणाले, “शिफ्ट झाली.”

“असं व्हय,” म्हणाला आणि पुढच्या बाईचं टोपलं ओढलं.

त्या दिवशी मला त्या शब्दाचा उपयोग कळला. पोरानं नेली म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, तुला का नाही नेलं? आजारी आहे म्हटलं असतं तर मागच्या बायका पुढं आल्या असत्या. शिफ्ट झाली म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. माझ्यासारखीला सोयीचा शब्द. मी तो दळपाच्या गिरणीत वापरला, भाजी घेताना वापरला, यल्लम्माच्या देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना सांगितला. सगळे म्हणाले, असं व्हय.

आक्का फोन करायची. सुरुवातीला ती खूप बोलायची. लिफ्टचं दार बंद झालं की तिला पेटीत घातल्यासारखं वाटतं, म्हणून ती जिन्यानं उतरते आणि वर चढताना प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी दारात बसते. शेजारीण कानडी आहे, आक्काचं बाजारातलं कानडी ऐकून हसते, पण उप्पीट आणून देते. सून सकाळी कामावर जाताना जेवण झाकून ठेवते. मी इकडं नुसतं व्हय, व्हय करायची. हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. फोन हातात धरून आम्ही दोघी गप्प बसायचो. तिकडं कुकरची शिट्टी व्हायची, इकडं रस्त्यावरची गाडी जायची. मग ती म्हणायची, “बरं, ठेव.”

एके दिवशी मुलाचा फोन आला. हसत होता, पण हसू ओढून आणलेलं होतं. “काकी, एकदा येऊन जावा. आई जरा वेगळं वागतीया.”

मी एकटी एसटीत कधी बसले नव्हते. निपाणी ते बेळगाव हमरस्त्यानं सरळ वाट आहे, पण मला तो प्रवास फार मोठा वाटला. कंडक्टर कानडीत विचारत होता, मी मराठीत बेळगाव म्हणाले, तर त्याला ऐकूच गेलं नाही. शेजारच्या बाईनं माझ्या वतीनं तिकीट मागितलं. बेळगावच्या अलीकडचं काकती गाव मागं पडलं तेव्हा मी पिशवीतल्या भाकरी पुन्हा एकदा चाचपून बघितल्या.

झालं होतं असं. त्यांच्या मजल्यावर जिन्यापाशी कुंड्या ठेवल्या होत्या. शोभेची झाडं, मोठ्या पानांची. पानं जाड, चकचकीत. आक्कानं त्यातली पानं काढली होती. नुसती तोडली नव्हती, सुनेच्या कात्रीनं बिडीच्या मापाची कापली होती. एकेक झाड बुंध्यापासून वरपर्यंत उघडं केलेलं. ज्यांची झाडं होती ते लोक तक्रार घेऊन आले. सुनेनं माफी मागितली, नवीन कुंड्या आणून दिल्या. ती मला दारातच म्हणाली, “काकी, मी रागावले न्हाय त्यांना. पण त्या काही बोलतच न्हाईत. का केलं विचारलं तर नुसत्या बघतात.”

दोघं आपापल्या कामाला गेल्यावर आक्कानं दाराला कडी घातली. गादीखालून एक कापड काढलं. ते तिनं ओलं करून पिळलेलं होतं, जसं बिडीची पानं मऊ राहायला ठेवतो तसं. त्यात ती कापलेली हिरवी पानं होती. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. मांडीवर सूप नव्हतं, जेवायची स्टीलची थाळी होती. एक पान घेतलं, आत काहीच न घालता वळलं, आणि थाळीत ठेवलं. पान हळूहळू उलगडलं आणि पुन्हा सपाट झालं. तिनं दुसरं घेतलं. तेही उलगडलं.

“बघ,” ती म्हणाली. “मी वळते आणि ती सुटत्यात.”

“आक्का, ही पानं बिडीची न्हाईत गं.”

“मला कळतंय की. येडी झाले न्हाय मी.” मग उलगडलेलं पान उचलून म्हणाली, “दोरा तुझ्याकडं राहिला.”

माझ्या पिशवीत रीळ नव्हतं. मी लुगड्याच्या काठाचा सुटलेला एक दोरा ओढून काढला. तिनं वळलं, मी बांधलं. तोंड मुडपायला गेले तर जाड पान मुडपेना, मोडलं. आक्का हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली. “चेकर टाकणार ही,” म्हणाली. दुपारभर आम्ही दोघी तशा बसलो होतो. काठाचे दोरे ओढून ओढून माझं लुगडं एका बाजूनं विसकटलं.

निघायच्या आधी ती माझा हात धरून म्हणाली, “धाकटे, मला घरला न्यायला सांग.”

“मी?”

“मग कोण? मी सांगून बघितलं. त्याला वाटतंय, माझा खोकला जावा म्हणून तो करतोय ते बरोबर. मी म्हटलं मला जायचंय, तर तो म्हणतो आई सवय होईल. इतकी वर्षं तुझं बोलणं मी बोलले. आता माझं तू बोल.”

संध्याकाळी मुलगा मला एसटी स्टँडवर सोडायला आला. सगळ्या रस्त्यानं मी मनात वाक्य जुळवत होते. आक्काला घरला ने. एवढंच. गाडी लागली, त्यानं मला जागा पकडून दिली, पाण्याची बाटली दिली, खिडकीतून म्हणाला, “काकी, तुम्ही आलात, बरं झालं. आईला बरं वाटलं.” मी मान हलवली. गाडी सुटली.

पावसाळा संपता संपता आक्का अंथरुणाला पडली. मग फोन येत राहिले. “काकी, आईला दवाखान्यात शिफ्ट केलंय.” “काकी, आईला आयसीयूत शिफ्ट केलंय.” “आता परत जनरल वॉर्डला शिफ्ट केलंय.” मी विचारायची, कशी हाय? आणि उत्तर यायचं ते कुठं हाय याचं. तो काही लपवत नव्हता. त्यालाही तेवढंच कळत होतं. तिला हलवलं की काहीतरी चाललंय असं त्याला वाटत असावं.

मी पुन्हा गेले. या वेळी कंडक्टरला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा त्याला ऐकू गेलं. वॉर्डात आक्का एवढीशी दिसत होती. नाकाला नळी होती. डोळे उघडले, मला बघितलं, आणि पुन्हा मिटले. बोलली नाही. पण माझा अंगठा तिनं धरून ठेवला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मुलगा, सून आणि एक डॉक्टर उभे होते. डॉक्टर म्हणत होते, फुप्फुसं पार गेलीत, इथं होतं ते सगळं केलं, हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर नेता येईल, पण फार आशा धरू नका. मुलगा लगेच म्हणाला, “हुबळीला शिफ्ट करूया.” नर्स कागद घेऊन आली आणि आतल्या दुसऱ्या नर्सला ओरडून म्हणाली, “शिफ्ट माडबेकु!” तेवढं मलाही कळतं, शिफ्ट करायचंय. बाकी बोलणं कानडी झालं तरी तो शब्द तसाच होता. मराठीत तसाच, कानडीत तसाच. कुणाच्याही तोंडी जीभ न अडखळता येतो.

मी भिंतीला टेकून उभी होते. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. आक्काला घरला ने, हे वाक्य मी इतके दिवस मनात जुळवलं होतं, पण ते त्यांच्या बोलण्यात शिरायला जागा मिळेना. तेवढ्यात मला खोकला आला. खरंच आला, की आक्कानं सांगितलेलं आठवलं म्हणून आला, देवाला माहीत. सगळे माझ्याकडं वळले.

मी म्हणाले, “शिफ्टच करायचं असंल, तर तिला घरला शिफ्ट करा.”

मुलगा म्हणाला, “काकी, घरी ऑक्सिजन, नळ्या... कोण बघणार?”

“मी बघीन.”

“काकी, धूळ...”

“सगळी तंबाखू बाहेर काढते. घर सारवते. तिनं मला सांगितलंय. मला घरला न्यायला सांग म्हणाली. मागल्या खेपेला सांगायचं होतं, ते मी आता सांगतीया. ती बोलत न्हाय म्हणून तिला काही म्हणायचं न्हाय असं न्हवं. तिचं बोलणं माझ्याकडं हाय.”

एवढं मी आयुष्यात कधी एका दमात बोलले नव्हते. मुलानं चष्मा काढला आणि तिथल्या बाकड्यावर बसला. लहानपणी शाळेतून मार खाऊन आला की असाच बसायचा. सून त्याच्या शेजारी बसली. चष्मा पुसत तो म्हणाला, “ती आधी मला म्हणाली होती, काकी. मला वाटलं सवय होईल.”

आक्काला घरी आणली. ॲम्ब्युलन्स मोठी, बोळात शिरेना, शेजारच्या माणसांनी स्ट्रेचर उचलून आणलं. दारात, जिथं आम्ही पोतं अंथरायचो, तिथंच खाट टाकली. तंबाखू मी शेजारणीकडं नेऊन ठेवली होती, घर सारवून घेतलं होतं. पण इतक्या वर्षांचा वास भिंतींतून जात नाही. आक्कानं नाकात नळी असतानाही तो ओढून घेतला असं मला वाटलं. तिनं डोळे उघडले. भिंतीला टेकलेली दोन सुपं बघितली.

ती थोडेच दिवस होती. त्या दिवसांत बोलले ते मीच. सकाळपासून बोलायची. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कोण कुणाशी भांडली, चेकरनं कुणाचं टोपलं उधळलं. आधी ऐकायची सवय मला होती, आता तिला लागली. कधी तिच्या ओठांचा कोपरा हलायचा. मी म्हणायची, “हसतीस काय, खरंच उधळलं.” मुलगा रजा टाकून पायाशी बसलेला असायचा. एकदा तो म्हणाला, “काकी, तुमचा आवाज असा हाय व्हय? मी कधी ऐकलाच नव्हता.”

ती गेली तेव्हा माझं बोलणं चालूच होतं. काय सांगत होते ते आता आठवत नाही. मुलानं माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा थांबले.

दिवसकार्य झाल्यावर तो जाताना म्हणाला, “काकी, आता तुम्ही इथं एकट्या कशा राहणार? तुम्हाला शिफ्ट...” आणि तिथंच थांबला. मग म्हणाला, “तुम्ही आमच्याकडं राहायला या.” मी म्हणाले, “येईन रे. राहायला येईन चार दिवस. पण घर इथं.” त्यानं मान हलवली, माझ्यासारखीच.

परवा बिड्या घेऊन कारखान्यात गेले. बऱ्याच दिवसांनी गेले होते. चेकरनं टोपल्यात हात घातला, दोन बिड्या उचलून बघितल्या आणि सहज विचारलं, “काय, थोरली अजून तिकडंच का?”

व्हय म्हणून सुटता आलं असतं. मागं रांग होती.

“न्हाय,” मी म्हणाले. “गेली.”

“कुठं गेली?”

“गेली. वारली. घरी आणली होती, दारातच गेली.”

त्याचा हात टोपल्यात तसाच राहिला. मागच्या बायका पुढं आल्या. कधी गं? कशानं? आमच्याकडं कुणाला कसं कळलं न्हाय? जवळ कोण होतं? एक म्हातारी माझा दंड धरून रडायला लागली, कारण तिनं आणि आक्कानं मिळून इथंच चेकरशी किती भांडणं केली होती. मला ते सगळं नको होतं, म्हणूनच तर इतके दिवस मी तो दुसरा शब्द वापरत होते. पण आता प्रश्न आले होते आणि उत्तर द्यायला पुढं आक्का नव्हती.

मी टोपलं खाली ठेवलं. बायकांनी जागा करून दिली. आणि मी पहिल्यापासून सांगायला लागले.